ब्रिटनची लॉटो: सहा आकडे, साडेचार कोटी शक्यता आणि तिकीट घेण्याआधी समजून घ्यायच्या गोष्टी

जानेवारी २०१६ च्या पहिल्या आठवड्यात इंग्लंडमधल्या लेस्टर शहरातल्या आमच्या दुकानात दूध-ब्रेडसाठी येणारी माणसंही लॉटरीच्या रांगेत उभी राहायला लागली होती. मी तेव्हा शिकत होते आणि संध्याकाळी या दुकानात गल्ल्यावर बसायचे. मालक गुजराती, सगळे त्यांना काका म्हणायचे. लॉटरीच्या यंत्राशेजारी काकांनी सुतळीने एक बॉलपेन बांधून ठेवलं होतं आणि प्रत्येक तिकीट देताना ते एकच वाक्य म्हणायचे, ‘मागे नाव लिहा, सही करा.’ जॅकपॉट तेव्हा पाच कोटी पौंडांच्या पुढे गेला होता. एका रात्रीत मी इतकी तिकिटं छापली की कागदाचा रोल तीनदा बदलावा लागला.

त्या आठवड्यात लोकांनी विचारलेले प्रश्न आजही तेच आहेत. इंग्लंडला नव्याने आलेली मराठी मुलं ते मला विचारतात: कोणते आकडे घ्यायचे, जॅकपॉट एवढा फुगतो कसा, भारतातून खेळता येतं का, चौघांत मिळून घेतलं तर? उत्तरं एकत्र मिळावीत म्हणून हा लेख. लॉटोत कोणते आकडे निघतील यावर कुणाचाही ताबा नाही. मात्र तिकिटाभोवतीच्या बऱ्याच गोष्टी आपल्या हातात असतात, आणि लोकांचं नुकसान बहुतेक वेळा तिथेच होतं.

आधी खेळ समजून घ्या

ब्रिटनच्या नॅशनल लॉटरीचा कायदा १९९३ चा, जॉन मेजर पंतप्रधान असतानाचा. पहिली सोडत १९ नोव्हेंबर १९९४ ला बीबीसीवर झाली. निघालेले आकडे होते ३, ५, १४, २२, ३० आणि ४४, बोनस १०. सातजणांचे सहाही आकडे जुळले आणि ५८ लाख पौंडांचा जॅकपॉट त्यांच्यात वाटला गेला. लॉटरी चालवण्याचं काम तेव्हापासून जानेवारी २०२४ अखेरपर्यंत कॅमलॉट कंपनीकडे होतं. १ फेब्रुवारी २०२४ पासून ते ऑल्विनकडे आहे. कॅमलॉट ही दंतकथेतल्या आर्थर राजाची राजधानी. म्हणून सोडतीच्या यंत्रांनाही आर्थर, लान्सलॉट, ग्विनेव्हियर अशी नावं दिली होती.

नॅशनल लॉटरी ही छत्री आहे आणि तिच्याखाली अनेक खेळ आहेत. लॉटो हा त्यातला पहिला आणि मुख्य. बुधवारी आणि शनिवारी सोडत होते. १ ते ५९ पैकी सहा आकडे तुम्ही निवडता, तिकीट २ पौंडांचं. पारदर्शक पिंपात बॉल घुसळले जातात, सहा बाहेर येतात आणि मग सातवा, तो बोनस बॉल. नवख्यांचा गोंधळ इथेच होतो. बोनस बॉल सगळ्यांच्या उपयोगाचा नाही. ज्याचे मुख्य सहापैकी पाच जुळले आहेत त्याच्यासाठीच तो मोजला जातो, म्हणजे उरलेला सहावा आकडा बोनसशी जुळला तर त्याचं बक्षीस एकदम वरच्या पायरीवर जातं.

आकडे निघालेत त्या क्रमाने जुळायला लागत नाहीत, कोणत्याही क्रमाने चालतात.

तिकीट घेताना

वय १८ पूर्ण हवं. २०२१ पर्यंत ही अट १६ ची होती. दुकानात दोन मार्ग असतात. एक, कुपनवर आपले आकडे खुणा करून द्यायचे. दुसरा, ‘लकी डिप’ म्हणायचं, मग यंत्रच आकडे निवडतं. सोडतीच्या दिवशी संध्याकाळी साडेसातपर्यंत विक्री चालते, त्यानंतर घेतलेलं तिकीट पुढच्या सोडतीचं.

तिकीट हातात आलं की गल्ल्यासमोरच उभं राहून दोन गोष्टी वाचा: तारीख आणि आकडे. खुणा केलेलं कुपन हा पुरावा नाही, छापलेलं तिकीट हाच पुरावा. आमच्याकडे एक आजोबा दर बुधवारी यायचे, नातवंडांच्या वाढदिवसांचे आकडे घेऊन. एकदा पेनाची खूण हलकी पडल्यामुळे यंत्राने कुपन परत टाकलं. घाईत मी दुसरं कुपन भरून दिलं आणि त्यात २३ च्या जागी २४ झालं. त्यांनी चष्मा पुसून वाचलं म्हणून लगेच कळलं आणि तिकीट रद्द करून नवं देता आलं. त्यांनी न वाचता खिशात घातलं असतं, तर ती चूक आयुष्यभर माझ्या मनात राहिली असती.

मग मागे नाव, पत्ता, सही. सही नसलेलं हरवलेलं तिकीट ज्याला सापडेल तो ते आपलं म्हणू शकतो. नाव असेल तर निदान तुमचं म्हणणं मांडायला जागा राहते.

ऑनलाइन खातं उघडून घेतलेलं तिकीट हरवत नाही, हा त्याचा मोठा फायदा. बक्षीस लागलं तर ईमेल येतो, पण त्यात रक्कम नसते. तिकिटाबद्दल बातमी आहे, खात्यात जाऊन पाहा, एवढंच लिहिलेलं असतं. ही खूण लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

भारतातून खेळता येतं का?

नाही. ऑनलाइन खात्यासाठी तुम्ही ब्रिटनमध्ये राहणारे असावे लागता, आणि आपल्या बाजूनेही दार बंद आहे. परकीय चलनाच्या २००० सालच्या नियमांनुसार लॉटरीची तिकिटं घेण्यासाठी भारतातून परदेशी पैसे पाठवायला मनाई आहे. ‘आम्ही तुमच्या वतीने तिकडे तिकीट काढतो’ म्हणणाऱ्या वेबसाइट भेटतात. त्यांना कार्डाने पैसे देणं म्हणजे हाच नियम मोडणं, आणि तिकीट खरंच काढलं गेलं की नाही हे बघायचा मार्गही तुमच्याकडे नसतो. महाराष्ट्राची स्वतःची राज्य लॉटरी १९६९ पासून आहे, तिचे नियम पूर्ण वेगळे. तिच्या बक्षिसावर ३० टक्के दराने आयकर लागतो. ब्रिटनमध्ये लॉटरीच्या बक्षिसावर कर नाही, फक्त त्या पैशावर पुढे मिळणाऱ्या व्याजावर लागतो.

आता आत्याची गोष्ट. कऱ्हाडहून तिचा फोन आला, आवाजात आनंद मावत नव्हता. ‘अगं, तुमच्या तिकडच्या लॉटरीत माझा मोबाइल नंबर लागलाय! पाच लाख पौंड!’ मी म्हटलं, ‘आत्या, तू तिकीट घेतलं होतंस का?’ ती जरा थांबली. ‘तिकीट नाही गं, ते म्हणतात नंबरांमधून काढलं.’ मग हळूच सांगितलं की बँकेच्या ‘क्लिअरन्स’साठी १८,५०० रुपये भरायचे आहेत आणि ती दुसऱ्या दिवशी पोस्टातलं खातं मोडणार होती. ईमेलवर मुकुट, शिक्का, इंग्रजी सही, सगळं होतं. मोबाइल नंबर किंवा ईमेल पत्त्यांमधून विजेते काढणारी कोणतीही सोडत ब्रिटनच्या नॅशनल लॉटरीत नाही. बक्षीस देण्यासाठी ती आधी पैसे मागत नाही, आणि वर सांगितल्याप्रमाणे तिच्या ईमेलात रक्कमही नसते. रिझर्व्ह बँकेनेही अशा परदेशी लॉटरीच्या संदेशांबद्दल वर्षानुवर्षं जाहीर इशारे दिले आहेत. पैसे गेलेच असतील तर पहिल्या काही तासांतच सायबर गुन्ह्यांच्या १९३० या क्रमांकावर फोन करा, कारण रक्कम खात्यातून पुढे सरकण्याआधी गोठवता येण्याची शक्यता तेव्हाच सर्वाधिक असते. तुमच्या घरात एकटी राहणारी वडीलधारी माणसं असतील, तर निदान हा एवढा भाग त्यांना वाचून दाखवा.

साडेचार कोटींत एक म्हणजे किती?

५९ मधून सहा आकडे किती प्रकारे निवडता येतात, याचा हिशोब शाळेतल्या गणिताचा आहे. पहिल्यासाठी ५९ पर्याय, दुसऱ्यासाठी ५८, असं ५४ पर्यंत गुणत जायचं. क्रम महत्त्वाचा नसल्यामुळे शेवटी ७२० ने भागायचं. उत्तर येतं ४,५०,५७,४७४. तुमचं तिकीट त्यातलं एक.

आपल्याला समजेल असं मोजू. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्राची लोकसंख्या ११ कोटी २४ लाख होती. त्यातली दर पाचांमागे दोन माणसं वेगळी काढली तर हा आकडा होतो. गडचिरोलीपासून सिंधुदुर्गापर्यंत पसरलेल्या त्या जमावातून डोळे मिटून एक माणूस उचलायचा आणि तो नेमका तुमचाच भाऊ निघायचा, इतकी ही शक्यता. दर सोडतीला एक तिकीट, म्हणजे वर्षाला १०४, असं धरलं तर सरासरीने एकदा जॅकपॉट लागायला ४ लाख ३३ हजार वर्षं लागतील.

खालची बक्षिसं इतकी दूर नाहीत. नोव्हेंबर २०१८ च्या बदलांनंतरची रचना अशी:

- २ आकडे जुळले: एक मोफत लकी डिप, शक्यता १० मध्ये १
- ३ आकडे: ३० पौंड; ९६ मध्ये १
- ४ आकडे: १४० पौंड, २,१८० मध्ये १
- ५ आकडे: १,७५० पौंड, १,४४,४१५ मध्ये १
- ५ आणि बोनस: १० लाख पौंड, ७५,०९,५७९ मध्ये १
- ६ आकडे: जॅकपॉट

प्रत्येक बक्षिसाला त्याच्या शक्यतेने भागा (जसं ३० पौंड भागिले ९६) आणि बेरीज करा. जॅकपॉट आणि मोफत तिकीट वगळून २ पौंडांच्या तिकिटामागे सरासरी ५२ पेन्स (पौंडाचे १०० पेन्स) परत येतात. लॉटरी चालवणारी कंपनी हे नियम वेळोवेळी बदलते, म्हणून तिकीट घ्याल त्या दिवशीचा तक्ता नॅशनल लॉटरीच्या वेबसाइटवर बघून घ्या.

जॅकपॉट फुगतो कसा, आणि आजवर किती फुगला

कुणाचेच सहा आकडे जुळले नाहीत की जॅकपॉटची रक्कम पुढच्या सोडतीत मिसळते. याला रोलओव्हर म्हणतात. रक्कम मोठी झाली की खरेदी वाढते आणि खरेदी वाढली की रक्कम आणखी मोठी होते.

सुरुवातीला ४९ बॉल होते आणि तिकीट १ पौंडाचं. तेव्हा शक्यता होती १,३९,८३,८१६ मध्ये १. देशात इतकी तिकिटं खपायची की बहुतेक आठवड्यांत कुणाला तरी जॅकपॉट लागायचाच आणि रोलओव्हर क्वचित व्हायचे. तरीही ६ जानेवारी १९९६ ला, दोन वेळा रक्कम पुढे सरकल्यानंतर, जॅकपॉट ४ कोटी २० लाख पौंडांवर गेला. तिघांनी तो वाटून घेतला. हा विक्रम वीस वर्षं टिकला.

मधल्या काळात बदल होत गेले. ५ फेब्रुवारी १९९७ पासून बुधवारची सोडत, २००२ मध्ये ‘लॉटो’ हे नाव, ऑक्टोबर २०१३ मध्ये तिकीट २ पौंडांना. सर्वांत मोठा बदल १० ऑक्टोबर २०१५ चा: बॉल ४९ चे ५९ झाले. दहाच बॉल वाढले, म्हणजे जेमतेम एक पंचमांश, पण जॅकपॉटची शक्यता तिपटीहून जास्त कठीण झाली. हे गल्ल्यावर कितीजणांना समजावलं असेल याची मोजदाद नाही. लोकांना वाटायचं, दहा बॉलांनी काय फरक पडतो? फरक तीन महिन्यांत दिसला. नोव्हेंबरपासून जॅकपॉट सलग १४ वेळा पुढे सरकला आणि ९ जानेवारी २०१६ च्या शनिवारी ६,६०,७०,६४६ पौंडांवर पोचला. दोन तिकिटं जुळली, प्रत्येकी ३,३०,३५,३२३ पौंड. लेखाच्या सुरुवातीची रांग त्याच आठवड्याची.

पुढे रक्कम इतकी साचू नये म्हणून आधी २ कोटी २० लाख पौंडांची मर्यादा आली, आणि २०१८ पासून जास्तीत जास्त पाच रोलओव्हर. त्यानंतरची सोडत ‘जिंकलीच पाहिजे’ अशी. तिच्यात कुणाचे सहा जुळले नाहीत तर जॅकपॉटची रक्कम खालच्या बक्षिसांमध्ये वाटली जाते. तुम्ही वर्षात मोजकीच तिकिटं घेत असाल तर मी याच सोडतींसाठी राखून ठेवा म्हणेन. सहा आकड्यांची शक्यता तीच राहते, पण तीन-चार आकडे जुळल्यावर हाती येणारी रक्कम वाढू शकते.

वर्तमानपत्रांत येणारे १५-२० कोटी पौंडांचे विजेते लॉटोचे नसतात. तो युरोमिलियन्स, २००४ मध्ये सुरू झालेला अनेक देशांचा मिळून चालणारा खेळ. ब्रिटनमधला त्याचा १९ जुलै २०२२ चा जॅकपॉट १९ कोटी ५० लाख पौंडांचा होता. त्याची शक्यता १३,९८,३८,१६० मध्ये १.

आकडे कोणते घ्यायचे?

जिंकण्याची शक्यता वाढवणारे आकडे अस्तित्वात नाहीत. गेल्या महिन्यात ७ निघाला नाही म्हणून या महिन्यात निघेल, असं बॉलला ठाऊक नसतं. पण जिंकल्यावर किती जणांत वाटावं लागेल, यावर तुमच्या निवडीचा परिणाम होतो. याची दोन उदाहरणं ब्रिटनच्याच इतिहासात आहेत.

पहिलं १४ जानेवारी १९९५ चं. आकडे निघाले ७, १७, २३, ३२, ३८, ४२. त्या आठवड्यात सुमारे ७ कोटी तिकिटं खपली होती, म्हणजे हिशोबाने पाचेक विजेते अपेक्षित होते. निघाले १३३. सुमारे १ कोटी ६३ लाख पौंडांचा जॅकपॉट आणि प्रत्येकाच्या वाट्याला १,२२,५१०. असं का झालं? जुन्या कुपनवर पाच-पाच आकड्यांच्या ओळी असत. एक कागद घेऊन ते आकडे तसे मांडा आणि निघालेल्या सहांवर गोल करा. सगळे गोल दुसऱ्या आणि तिसऱ्या स्तंभात, कागदाच्या मधल्या भागात येतात. खुणा ‘इकडे-तिकडे पसरून’ करणारी माणसं कडा सोडून मध्येच पेन फिरवतात, आणि हजारो माणसं एकच गोष्ट करत असतात.

दुसरं उदाहरण २३ मार्च २०१६ चं: ७, १४, २१, ३५, ४१, ४२. सहापैकी पाच साताच्या पाढ्यातले. ४,०८२ जणांचे पाच आकडे जुळले. तेव्हा पाच आकड्यांचं बक्षीस ठरावीक नव्हतं, एक रक्कम सगळ्यांत वाटली जायची. प्रत्येकाला मिळाले १५ पौंड. चार आकडेवाल्यांना ५१ आणि तीनवाल्यांना २५. पाच आकडे जुळवून तीनवाल्यापेक्षा कमी! दुसऱ्या दिवशी आमच्या दुकानात एक बाई तिकीट हातात धरून उभी होती. ‘यंत्र बिघडलंय का?’ एवढंच ती विचारत होती, आणि मी तिला काय सांगावं हे मला सुचत नव्हतं.

आता पाच आकड्यांचं बक्षीस ठरावीक असल्यामुळे तो प्रसंग तसाच पुन्हा येणार नाही. जॅकपॉट मात्र अजूनही वाटलाच जातो. म्हणून वाढदिवस टाळा (सगळे ३१ च्या आत येतात), पाढे टाळा, कुपनवर तिरप्या रेघा आणि आकृत्या टाळा. १-२-३-४-५-६ तर अजिबात नको, ते घेणारे पुष्कळ असतात. सोपा मार्ग म्हणजे लकी डिप.

मिळून खेळायचं असेल तर आधी कागद

ऑफिसात सिंडिकेट करून खेळणं इथे फार चालतं. आम्हीही आठजण होतो. एकदा चार आकडे जुळले, १४० पौंड आले. आमच्यातला एकजण दिवाळीला पुण्याला गेला होता आणि दोन आठवड्यांचे पैसे त्याने दिले नव्हते. आठांत वाटले तर साडेसतरा, सातांत वाटले तर वीस. अडीच पौंडांच्या फरकावरून जेवणाच्या टेबलावर पंधरा दिवस अबोला होता. हेच १० लाख असते तर काय झालं असतं, या विचाराने मी त्याच शनिवारी एक पानी करार लिहून सगळ्यांच्या सह्या घेतल्या.

त्यात एवढं हवंच: सभासदांची नावं, प्रत्येकाचा वाटा, कोणते खेळ आणि कोणत्या सोडती, तिकीट कोण घेणार आणि कुठे ठेवणार, एखाद्याने पैसे चुकवले तर त्या सोडतीत त्याचा वाटा धरायचा की नाही, आणि जिंकल्यास नाव जाहीर करायचं की नाही. तिकिटाचा फोटो सोडतीआधी ग्रुपवर टाका. तारीख असलेला करार करासाठीही लागतो. तो नसेल आणि एकाच्या नावावर आलेली रक्कम त्याने इतरांना दिली, तर ती भेट मानली जाऊ शकते. ब्रिटनमध्ये देणारा सात वर्षांच्या आत वारला तर अशा भेटीवर वारसा कराचा प्रश्न येतो. घरात आई-बाबा, भावंडं मिळून खेळत असाल तरी हा कागद करा. आपल्याकडे घरच्यांत कशाला लिहापढी, असं वाटतं; पण इथे तो कागदच घरच्यांना वाचवतो.

पैसे कुठे जातात

मूळ रचनेत तिकिटाच्या दर पौंडातले साधारण ५० पेन्स बक्षिसांना, २८ समाजोपयोगी कामांना, १२ सरकारला आणि ५ दुकानदाराला जायचे. खेळागणिक हे प्रमाण बदलतं. त्या २८ पेन्समधून काय घडलं याचं मला फार अप्रूप आहे. १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये ब्रिटनला एकच सुवर्णपदक मिळालं होतं. १९९७ पासून खेळाडूंना लॉटरीचा पैसा मिळू लागला. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदकं होती २९.

बक्षीस लागलं तर

तिकीट घडी न करता, कोरड्या जागी, एकाच ठिकाणी ठेवा. ५०० पौंडांपर्यंतचं बक्षीस दुकानात मिळू शकतं, पण रक्कम मोठी असेल तर दुकानदाराकडे तेवढी रोकड असेलच असं नाही. त्यावरच्या रकमेसाठी नॅशनल लॉटरीशी थेट संपर्क करायचा. क्रमांक तिकिटावर किंवा त्यांच्या वेबसाइटवरूनच घ्या, कुणी पाठवलेल्या मेसेजमधून नाही. मोठ्या रकमेच्या वेळी नाव जाहीर करायचं की नाही, हे ठरवायचा हक्क तुमचा आहे. एकदा जाहीर केलेलं नाव परत घेता येत नाही, म्हणून घरात शांतपणे बोलून मगच फॉर्मवर खूण करा.

मुदत सोडतीपासून १८० दिवस. ८ जून २०१२ च्या युरोमिलियन्स सोडतीत स्टीव्हनेज-हिचिन भागात विकलेल्या एका तिकिटाला ६ कोटी ३८ लाख पौंड लागले. गावात फलक लागले, बातम्या आल्या, लोकांनी कोटांचे खिसे आणि गाड्यांचे कप्पे उलटेपालटे केले. ५ डिसेंबरला रात्री ११ वाजता मुदत संपली. तिकीट घेऊन कुणी आलं नाही, आणि व्याजासकट ती सगळी रक्कम समाजोपयोगी कामांच्या निधीत गेली.